हाडं ठिसूळ झाली आहेत का? कमी खर्चात कसं ओळखायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना हाडांच्या ठिसूळपणाबद्दल, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसबद्दल, जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘डेक्साला (हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीला) किती लागतील?’ हाच असतो. माझ्या मते तो पाचवा-सहावा असायला हवा. त्याआधी वजनकाटा, शिंप्याचा टेप आणि चार नेमके प्रश्न एवढ्यावर बरंच काम होतं.

हाडं ठिसूळ होतात म्हणजे नेमकं काय होतं?

हाड आतून भरीव दगडासारखं नसतं, त्यात बारीक जाळी असते. शरीर रोज जुनं हाड थोडं खरवडून काढतं आणि तिथे नवं भरतं. तिशीपर्यंत भरणं जास्त असतं, पुढे काढणं वाढत जातं. बायकांत पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन एकदम घटतं आणि ही झीज झपाट्याने होते. जाळीच्या काड्या पातळ होतात, काही तुटून जातात. बाहेरून हाड तेवढंच दिसतं, वजन पेलण्याची ताकद मात्र गेलेली असते.

माझे गुडघे कुरकुरतात, सांधे दुखतात. हाच तो आजार का?

नाही. हा गोंधळ ‘हाडांची झीज’ या शब्दाने केला आहे. गुडघ्यात झिजते ती कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी. तो संधिवाताचा प्रकार, आणि तो दुखतो. ठिसूळपणा हाड मोडेपर्यंत दुखत नाही. म्हणून तर चाळणी तपासणीची गरज पडते. गुडघे दुखतात म्हणून डेक्सा करून घेणारे पुष्कळ भेटतात, आणि ज्यांना ती खरोखर हवी असते त्यांना काहीच दुखत नसल्यामुळे त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

एकही रुपया खर्च न करता घरी काय पाहता येईल?

वयातून वजन वजा करा.

गंमत नाही, ही रीतसर पद्धत आहे. आठ आशियाई देशांतल्या, पाळी गेलेल्या बायकांच्या अभ्यासातून ती निघाली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं नाव ‘ओस्टा’. मूळ सूत्र असं : वजन (किलो) उणे वय (वर्षं), गुणिले ०.२. उत्तर उणे १ पेक्षा वर असेल तर धोका कमी, उणे १ ते उणे ४ मध्ये मध्यम, उणे ४ च्याही खाली गेलं तर जास्त. गुणाकार नको असेल तर सरळ वजाबाकी करा. वय वजनापेक्षा ५ ने किंवा जास्त मोठं असेल तर पुढची चौकशी करायची. २० पेक्षा जास्त फरक असेल तर टाळाटाळ नको.

उदाहरणं घेऊ. काकू ६० वर्षांच्या, वजन ६४ किलो. वजन वयापेक्षा जास्त, धोका कमी. मावशी ५८ वर्षांच्या, वजन ४४. फरक १४, सूत्राने उणे २.८, म्हणजे मध्यम. आजी ७४ वर्षांच्या, वजन ४६. फरक २८, उणे ५.६. या आजींना डेक्सा किंवा निदान पाठीचा एक्स-रे हवा.

या वजाबाकीची ताकद आणि मर्यादा दोन्ही ध्यानात ठेवा. मूळ अभ्यासात ठिसूळ हाडांच्या शंभर बायकांपैकी ९१ जणी या चाळणीत सापडल्या. पण ज्यांची हाडं तितकी ठिसूळ नव्हती अशा शंभरांतल्या ४५ जणीच सुटल्या, बाकीच्या ५५ उगाच अडकल्या. चाळणीचं काम पिठातला कोंडा बाजूला काढणं. कोंड्याबरोबर थोडं पीठ येतंच. म्हणून ओस्टाच्या आकड्यावर गोळी सुरू करायची नसते. पुढे कोणाला पाठवायचं आणि कोणाला सध्या थांबवायचं, एवढंच त्यातून ठरतं.

वजन जास्त असेल तर निर्धास्त राहायचं का?

तसं नाही. ओस्टामध्ये फक्त वय आणि वजन आहे. स्टेरॉइड, आधीचं फ्रॅक्चर, मधुमेह यांची त्याला खबर नसते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात तर डेक्सावरही घनता चांगली दिसते आणि तरीही हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो. ७० किलोच्या, पंधरा वर्षं साखर असलेल्या काकूंना मी वजाबाकी दाखवून घरी पाठवत नाही.

उंची कमी होणं खरंच महत्त्वाचं आहे का? म्हातारपणी सगळेच थोडे वाकतात.

थोडी उंची सगळ्यांचीच कमी होते, मणक्यांमधल्या चकत्या चपट्या होतात. पण तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा जास्त घट, किंवा दोन मोजण्यांमध्ये २ सेंटीमीटर घट दिसली, तर एखादा मणका दबला आहे का ते पाहायलाच हवं. मणक्याच्या फ्रॅक्चरपैकी साधारण दोन-तृतीयांश कोणाच्या लक्षातच येत नाहीत. ‘पाठ धरली होती आठ दिवस, मलम लावलं, गेली’ एवढीच त्यांची नोंद असते.

तरुणपणची उंची कुठून आणायची? लग्नाच्या वेळच्या बायोडाटातून. (त्यात इंचभर वाढवून लिहिली असेल तर ते घरात कोणाला तरी माहीत असतंच.) ते नसेल तर दोन्ही हात आडवे ताणून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. ते अंतर तरुणपणच्या उंचीच्या जवळपास असतं. अगदी तंतोतंत नाही, पण आज उभं राहून मोजलेली उंची त्याहून चांगलीच कमी भरली तर शंका घ्यायला जागा आहे.

उंची सकाळी मोजावी, चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून. डोक्यावर पाटी किंवा जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून खूण करावी. दवाखान्यात आम्ही भिंतीवर टेपच चिकटवून टाकला आहे. एका आजींनी त्याच्याकडे बघून सांगितलं, ‘मला मोजू नका, माझा परकरच सांगतो.’ दहा वर्षांपूर्वी शिवलेला परकर आता जमिनीवर लोळत होता, तीन बोटं दुमडून टाके घातले होते. मोजल्यावर उंची लग्नाच्या वेळेपेक्षा साडेपाच सेंटीमीटर कमी भरली. एक्स-रेत दोन मणके दबलेले निघाले.

भिंतीची आणि बोटांची चाचणी म्हणतात ती कशी करायची?

भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभं राहा, नजर समोर. डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज टेकली पाहिजे. मान मागे न टाकता ती टेकत नसेल तर पाठीच्या वरच्या भागातला मणका दबलेला असू शकतो.

दुसरी चाचणी कोणीतरी मागे उभं राहून करायची. हात समोर सरळ पसरा. मागच्या व्यक्तीने काखेच्या सरळ रेषेत खाली, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या खाचेत बोटं आडवी ठेवायची. दोन बोटंही मावत नसतील तर कमरेच्या मणक्यांची उंची गेली असावी.

याशिवाय ५१ किलोपेक्षा कमी वजन, वीसपेक्षा कमी शिल्लक दात, आणि ‘मला पोक आलंय’ असं बाईने स्वतः सांगणं, या गोष्टी डॉक्टरांसाठी तपासणीतल्या खुणा म्हणून अभ्यासांत टिकल्या आहेत. पण या खुणा नाहीत म्हणून आजार नाही असं होत नाही. सापडल्या तर उपयोगाच्या, नाही सापडल्या तर गप्प.

शिबिरात टाचेची मशीन लावली, रिपोर्ट ‘उणे ३’ आला. आता काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो, त्याच्या आगेमागे शिबिरं लागतात आणि पुढच्या आठवड्यात कागद घेऊन रांग लागते.

टाचेची मशीन अल्ट्रासाउंडवर चालते. टाचेच्या हाडातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात, किती शोषल्या जातात, हे ती मोजते. किरणोत्सर्ग नाही, मशीन सुटकेसमध्ये मावते, म्हणून शिबिराला सोयीची. मोठ्या अभ्यासांत पाळी गेलेल्या बायका आणि ६५ च्या पुढचे पुरुष यांच्यात तिचा फ्रॅक्चरच्या धोक्याशी संबंध दिसला आहे. म्हणजे ती थोतांड नाही.

घोळ आहे तो आकड्यात. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण वयाच्या हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती वर किंवा खाली आहेत ते सांगणारा आकडा. ‘टी-स्कोअर उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपोरोसिस’ ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिली, आणि ती डेक्सावर खुबा, कंबर किंवा मनगटाजवळच्या हाडाची घनता मोजून लावायची असते. टाचेच्या मशीनचा उणे २.५ हा तो उणे २.५ नव्हे. दोन कंपन्यांच्या मशीन एकाच टाचेला वेगळे आकडे देतात. सुजलेला पाय, नीट न लावलेलं जेल यांनीही फरक पडतो.

तेव्हा ‘उणे ३’ आला तर घाबरून तिथल्या टेबलावरच कॅल्शियमचे सहा डबे घेऊ नका. वजाबाकी करा, उंची मोजा, पुढचे प्रश्न विचारा, आणि डेक्सा करायची का ते ठरवा. आणि ‘उणे ०.५’ आला म्हणून गेल्या वर्षी घरात घसरून मनगट मोडलेल्या बाईने तो कागद देवघरात ठेवू नये. तिच्या मनगटाने दिलेली साक्ष टाचेपेक्षा वजनदार आहे.

फ्रॅक्चर आधीच झालं असेल तर तपासणीची गरज आहे का?

उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून खुबा मोडला, किंवा काही विशेष न होता मणका दबला, तर पन्नाशीनंतर ते निदानच समजावं. डेक्साचा आकडा काहीही येवो. (दुसरं काही कारण, उदाहरणार्थ हाडात पसरलेला कॅन्सर, नाही ना हे मात्र डॉक्टर पाहतात.) डेक्सा अशा वेळी उपचाराचा परिणाम पुढे मोजता यावा म्हणून करतात. पैसे नसतील तर डेक्साविना उपचार अडवून ठेवू नयेत.

‘काही विशेष न होता’ म्हणजे काय, ते आमच्याकडे असं असतं : एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्या, खड्ड्यात गाडी आदळली आणि पाठीत कळ निघाली. पाण्याची भरलेली कळशी उचलली. खाली वाकून गादी ओढली. हाड मोडण्याइतका मार यातला एकही नाही. तरीही मणका दबला, तर दोष खड्ड्याचा कमी आणि मणक्याचा जास्त.

एक फ्रॅक्चर झाल्यावर पुढच्या दोनेक वर्षांत दुसरं होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. आणि नेमक्या याच काळात, प्लास्टर निघालं की सगळे विसरतात. हाड जोडलं गेलं, बिल भरलं, विषय संपला. माझी खरी तक्रार इथेच आहे. आपल्याकडची सगळ्यात स्वस्त चाळणी म्हणजे ऑर्थोपेडिकच्या प्लास्टर रूममध्ये बसलेली पन्नाशीपुढची प्रत्येक बाई. तिला शोधायला शिबिर लागत नाही, ती स्वतःच आलेली असते.

साध्या एक्स-रेत कळतं का?

घनता कळत नाही. साध्या एक्स-रेत हाड फिकट दिसू लागतं तेव्हा ३० ते ४० टक्के घनता गेलेली असते. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल, हाडं मजबूत’ हे वाक्य चुकीचं.

पण दबलेला मणका एक्स-रेत कळतो, आणि गरीब पेशंटसाठी माझ्या दृष्टीने ही सगळ्यात उपयोगी तपासणी आहे. पाठ आणि कंबर यांचा बाजूने काढलेला एक्स-रे मागायचा. मणक्याची उंची २० टक्के किंवा जास्त घटलेली असेल तर ते फ्रॅक्चर धरतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार नि:शुल्क आहेत. चिठ्ठीवर ‘कंबरदुखी’ एवढंच न लिहिता ‘उंची ५ सेंमी घटली, मणका दबल्याची शंका’ असं लिहून घ्या. शंका लिहिली की फिल्म पाहणारा मणके मोजतो.

एक जुनी पद्धत खुब्याच्या एक्स-रेची. १९७० मध्ये मनमोहन सिंग या भारतीय डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर खुब्याच्या हाडातल्या रेषांच्या जाळीवरून सहा पायऱ्या ठरवल्या. जगभर तिला सिंग इंडेक्स म्हणतात. सहावी पायरी चांगली, पहिली अगदी वाईट. दोन डॉक्टर एकच फिल्म बघून दोन पायऱ्या सांगतात ही तिची अडचण, त्यामुळे आज तिच्यावर एकटीवर कोणी विसंबत नाही. पण दुसऱ्या कारणाने काढलेली खुब्याची फिल्म हातात असेल तर तिच्याकडे या नजरेने बघायला काय हरकत आहे?

दुसऱ्या कारणाने केलेल्या तपासण्यांतून काही समजू शकतं?

हो, आणि हे जवळजवळ फुकटात पडतं.

मुतखड्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन झाला असेल तर त्यात कमरेचा पहिला मणका आलेलाच असतो. रेडिऑलॉजिस्ट संगणकावर त्या मणक्याच्या मधल्या भागावर गोल आखून त्याची घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये वाचू शकतो. ११० च्या खाली आकडा आला तर ऑस्टिओपोरोसिसची दाट शंका, १६० च्या वर असेल तर शक्यता कमी. मुतखड्याच्या स्कॅनमध्ये बहुधा शिरेतून डाय दिलेला नसतो, म्हणून आकडा जास्त भरवशाचा. सीडी जपून ठेवा आणि एकदा विचारा. केवळ यासाठी नवा सीटी मात्र करू नका. त्यातला किरणोत्सर्ग डेक्सापेक्षा कितीतरी पट जास्त.

तसंच दाताच्या डॉक्टरांकडे काढतात तो पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे. खालच्या जबड्याच्या कडेचा पांढरा पट्टा, हनुवटीच्या बाजूच्या छिद्राखाली, ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर डेक्साला पाठवावं असं मानतात. कवळी बसवायला गेलेल्या बाईला हे सांगणारे दंतवैद्य अजून थोडे आहेत, पण आहेत.

ऑनलाइन फ्रॅक्स कॅल्क्युलेटर भरू का?

भरा, फुकट आहे. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाने तो २००८ मध्ये आणला, आणि त्यात देश म्हणून भारत निवडता येतो. वय ४० ते ९० मध्ये हवं. वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, स्टेरॉइड, आमवात, रोजचं दारूचं प्रमाण असे प्रश्न येतात. डेक्साचा आकडा नसला तरी चालतो, तो रकाना रिकामा सोडायचा. उत्तर येतं ते पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती टक्के.

दोन गोष्टी सांभाळा. दारू आणि धूम्रपानाचे रकाने आपल्याकडच्या बायका हसत ‘नाही’ म्हणून सोडतात, पण मिश्री लावणं किंवा तंबाखू खाणं त्यात विचारलेलंच नाही. वारंवार तोल जाऊन पडणंही मोजलं जात नाही. दुसरं, २० टक्के आणि ३ टक्के (खुब्यासाठी) या उपचाराच्या रेषा अमेरिकेतल्या आहेत. इथले डॉक्टर त्या उसन्या घेतात, पण त्या दगडावरची रेघ नव्हेत.

स्टेरॉइड तर मी कधीच घेतलेलं नाही.

नक्की? दमा, आमवात, त्वचारोग यासाठी तीन महिने किंवा जास्त गोळ्या झाल्या असतील तर ते मोजायचं. आणि बाजाराच्या गावातून आणलेली गुडघेदुखीची ‘जादूची पुडी’? घेतल्यावर दुसऱ्या दिवशी दुखणं पळतं, भूक लागते, तोंड गोल होतं. अशा नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. मी हा प्रश्न कायम वेगळा विचारतो, कारण ‘औषध चालू आहे का’ याला उत्तर ‘नाही’ येतं आणि ‘पुडी चालू आहे का’ याला ‘हो, वर्षभर’. चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू बंद करा.

गर्भाशयाची पिशवी लवकर काढली आहे. धोका वाढतो का?

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर त्या दिवशीच पाळी गेली असं धरा, वय पस्तीस असलं तरी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधान परिषदेत गाजला आणि चौकशी समिती नेमली गेली. हाडांच्या बाजूने त्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. तिशी-पस्तिशीत अंडाशयं गेलेली, मोळ्या उचलणारी, बारीक चणीची बाई पन्नाशीला पोहोचते तेव्हा तिच्या हाडांनी इस्ट्रोजेनविना पंधरा-वीस वर्षं काढलेली असतात. अशा बाईला ६५ ची वाट पाहायला लावणं चूक.

ऑपरेशनचा कागद शोधा, अंडाशय काढलं की ठेवलं ते त्यात असतं. कागद नसेल तर सोनोग्राफीत दिसण्याची शक्यता असते.

मग डेक्सा नेमकी कोणी आणि कधी करावी?

अमेरिकेच्या शिफारशीत ६५ च्या पुढच्या सगळ्या बायका आणि त्याआधी पाळी गेलेल्या पण धोका असलेल्या बायका येतात. तिकडे पाळी ५१ च्या आसपास जाते, आपल्याकडे सरासरी ४६-४७ लाच. म्हणून मी साठीपासून विचार करतो, आणि पुढच्यांपैकी एकही लागू असेल तर त्याआधीही : आधीचं क्षुल्लक मारातलं फ्रॅक्चर, उंची घटलेली, ओस्टा उणे १ किंवा त्याखाली, पाळी ४५ च्या आत गेलेली, स्टेरॉइड, आमवात, थायरॉइडचं हार्मोन जास्त असलेलं, स्तनाच्या कॅन्सरसाठी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल चालू, आईचा खुबा मोडलेला.

पुरुषांनाही होतो?

होतो. उशिरा होतो, पण खुबा मोडल्यावर पुरुष बायकांपेक्षा जास्त दगावतात. सत्तरीपुढचे, रोज दारू घेणारे, स्टेरॉइडवाले आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनची इंजेक्शनं चालू असलेले यांनी विचारावं.

डेक्साला खर्च किती, आणि तो कमी कसा करायचा?

खाजगीत साधारण दीड हजारापासून चार हजारांपर्यंत. शहर, मशीन आणि किती जागा मोजल्या यावर ठरतं. जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. मशीन डेक्साच आहे ना, की टाचेचं किंवा मनगटाचं अल्ट्रासाउंड? कंबर आणि एक खुबा दोन्हींचे मिळून किती? आणि रिपोर्टबरोबर चित्रं देता का?

जागेनुसार दर असतील आणि एकच परवडत असेल, तर पासष्टीपुढे खुबा घ्या. त्या वयात कमरेच्या मणक्यांना आलेली टोकं आणि रक्तवाहिनीतलं कॅल्शियम यांनी कमरेचा आकडा खोटा चांगला येतो.

काही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि धर्मादाय रुग्णालयांत कमी दरात होते. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी तिथे समाजसेवक नेमलेला असतो. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन आधी त्याला भेटा, काउंटरला नंतर.

‘बोन स्कॅन’ असं चिठ्ठीवर लिहून घेऊ नका. ती न्यूक्लिअर मेडिसिनची वेगळी, महाग तपासणी आहे. आमच्या एका पेशंटचा मुलगा आईला घेऊन शहरात गेला आणि दुसऱ्याच रांगेत उभा राहिला, कारण चिठ्ठीवर डॉक्टरने घाईत तेच लिहिलं होतं. तो डॉक्टर मीच.

उपाशीपोटी जायचं का? किरणांची भीती?

उपाशी नको. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका, हुक-चेन नसलेले सैल कपडे घाला. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. किरणोत्सर्ग इतका कमी की एरवी एखाद-दोन दिवसांत निसर्गातून जेवढा मिळतो तेवढाच.

रिपोर्ट कसा वाचायचा?

टी-स्कोअर उणे १ किंवा वर : ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये : घनता कमी, यालाच ऑस्टिओपिनिया म्हणतात. उणे २.५ किंवा खाली : ऑस्टिओपोरोसिस. कंबर, पूर्ण खुबा आणि खुब्याची मान यांतला सगळ्यात खालचा आकडा धरायचा. ‘वॉर्ड्स ट्रँगल’ नावाची ओळ असेल तर तिच्यावर काट मारा. ती निदानासाठी वापरायचीच नसते, पण तीच सगळ्यात वाईट दिसते आणि पेशंटची झोप उडवते. पाळी चालू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांनी झेड-स्कोअर, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना, पाहायचा.

आणखी एक. टी-स्कोअर काढताना तुलना बहुतेक मशीन गोऱ्या तरुण स्त्रियांच्या आकड्यांशी करतात. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, सावलीचं क्षेत्रफळ मोजते; त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड मुळात लहान म्हणूनही घनता कमी दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीयांसाठी संदर्भ आकडे काढले आहेत. पावणेपाच फुटांच्या, उणे २.६ आलेल्या, बाकी काहीही धोका नसलेल्या बाईला मी लगेच औषधावर घालत नाही.

रक्ताची ‘बोन प्रोफाइल’ पुरेशी नाही का?

नाही. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असणं हाडांबद्दल काहीच सांगत नाही. रक्तात कमी पडलं की शरीर ते हाडांतूनच काढतं. रक्ततपासण्या लागतात त्या कारण शोधायला, म्हणजे घनता कमी निघाल्यावर : कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर, परवडलं तर व्हिटॅमिन डी. आपल्याकडे उन्हात राहूनही डी कमी असणं सर्रास आहे, आणि फारच कमी असेल तर हाडं मऊ पडतात. हा मऊपणाही डेक्सावर उणे २.५ सारखाच दिसतो. त्याचा उपचार वेगळा, म्हणून हा भेद करायचा.

रिपोर्ट बरा आला. परत कधी?

अगदी चांगला असेल आणि धोका नसेल तर पाच-सात वर्षं विसरा. काठावर असेल तर दोन-तीन वर्षांनी. औषध चालू असेल तर एक-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर. एक रिपोर्ट पुण्याचा, दुसरा मुलीकडे न्यू जर्सीला गेल्यावर काढलेला, आणि ‘यातला कोणता खरा?’ असा प्रश्न येतो. दोन्ही खरे, पण एकमेकांतून वजा करण्यासारखे नाहीत.

आमच्या बचत गटात तीस बायका आहेत. एका दुपारी काय करता येईल?

पुष्कळ. आशाताईंना बोलवा. वहीत रकाने आखा : वय, वजन, आजची उंची, लग्नातली उंची, पाळी कधी गेली, पिशवी काढली का, पन्नाशीनंतर काही मोडलं का, पुडी किंवा स्टेरॉइड. भिंतीला टेप लावा आणि तिथेच डोकं टेकतं का ते बघा. एका बाईला सहा-सात मिनिटं लागतात. वयातून वजन वजा करायला मोबाइलही नको. ज्यांचं फ्रॅक्चर झालेलं आहे, उंची ४ सेंटीमीटर घटली आहे किंवा फरक २० च्या वर आहे, त्यांची यादी वेगळी काढून त्याच आठवड्यात एक्स-रेला पाठवा. फरक ५ ते २० वाल्यांची दुसरी यादी, त्या सवडीने डॉक्टरांना भेटतील.

वजनकाटा फरशीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर तो दोन-दोन किलो इकडे तिकडे दाखवतो, आणि इथे सगळा हिशेब वजाबाकीचा आहे.